घोणसगडाचा अडसर

फाल्गुन सरत आला होता. घोणसगडाच्या पूर्वकड्यावर तांबडे फुटले, तेव्हा दरीतले धुके अजून उठले नव्हते. त्या धुक्याखालून, गडाच्या तिन्ही अंगांनी, सुभानजी वरखड्यांच्या छावणीतल्या चुलींचा धूर तेवढा वर येत होता. वेढ्याचा तो एकेचाळिसावा दिवस. टाक्यातले पाणी सात पायऱ्या खाली गेले होते, वारा पडला होता, आणि रोज त्याच तटावरून तीच दरी पाहून शिबंदीची माणसे अशी चिडखोर झाली होती की एका घागरीवरून भाले उचलले जात.

पण साऱ्या गडावर ज्याच्या जिवाला घटकाभराची स्वस्थता नव्हती असा माणूस एकच, आणि तो म्हणजे खुद्द किल्लेदार. जैतोजीराव हरफळे यांचे वडील मार्गशीर्षात वारले आणि वंशपरंपरेच्या रिवाजाने किल्लेदारीची वस्त्रे चिरंजीवांच्या अंगावर आली. ती देताना हुजुरातीतल्या कोणी एवढेच विचारले नाही, की चिरंजीवांना उंचावर गेले असता भोवळ येते काय. येत असे. तटाच्या दहा पावलांवर आले की सारी दरी आपल्याकडे तोंड उघडून पाहत आहे असे जैतोजीरावांना वाटे. म्हणून ते सदरेवर येरझारा घालीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत, या खांबापासून त्या खांबापर्यंत.

शिबंदीत याचा बोभाटा झाला नाही, याचे कारण सटवाजी. हा त्यांचा खिजमतगार पन्नाशीचा, अंगाने काटक, अक्षरशत्रू, पण डोक्याने असा की पेठेतल्या चार कारकुनांना बाजारात विकून यावे. किल्लेदार तटावर का येत नाहीत, असे कोणी विचारले की तो गंभीर चेहऱ्याने सांगे, "सरकारांनी वेढा उठेतोवर अनुष्ठान धरलंय. तटाला पाय लावायचा नाही." सरकार पायरीवरून घसरले, तर "पायरी ढिली आहे की काय ते बघत होते." सरकारांच्या बंदुकीचा बार अचानक उडून अंबारखान्याचे छप्पर फुटले, तर "गाफील राहता का, त्याची परीक्षा घेतली." अशा रीतीने धन्याच्या प्रत्येक फजितीला सटवाजीने एकेक अंगरखा शिवून ठेवला होता.

आदल्या दिवशी मात्र कठीण प्रसंग आला. सरनौबत हैबतराव तावरे, गडाच्या फौजेचा मुख्य, धिप्पाड आणि भरघोस मिशांचा गडी, सर्वांदेखत म्हणाला होता, "अनुष्ठान पुरे झालं. वरखड्यांचे मोर्चे कुठवर आलेत, ते किल्लेदारांनी एकवार डोळ्यांनी पाहावं." नाही म्हणायला जागा उरली नाही. जैतोजीराव तटावर गेले, खाली पाहिले, डोळे पांढरे झाले. सटवाजीने मागून कमरबंद घट्ट धरला म्हणून ते वाचले, पण पागोटे डोक्यावरून सुटले आणि गिरक्या घेत थेट शत्रूच्या मोर्चात जाऊन पडले.

तोच सटवाजीने दोन्ही हात तोंडाशी नेऊन दरीत आरोळी ठोकली, "वरखडे हो! किल्लेदारांनी पागोटं पाठवलंय! हिंमत असंल तर वर घेऊन या!"

शिबंदीने हर हर महादेवची गर्जना केली. जैतोजीराव सदरेवर परत आले आणि उंबऱ्यावरच बसून राहिले.

आणि आज एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी पागोटे खरोखरच वर आले. वरखड्यांचा वकील चांदीच्या तबकात ते घेऊन दरवाजाशी उभा राहिला. सोबत खलिता होता: 'आपले मानाचे पागोटे मातीत पडावे हे आम्हांस बरे न वाटले. उदईक दोन प्रहरी पायथ्याच्या भैरोबाच्या राउळी मुलाखतीस यावे. भैरोबाच्या भंडाऱ्याची आण, आपले केसास धक्का लागणार नाही.'

खालून आलेली चीजवस्त आधी सरनौबतांनी पाहायची, असा वेढ्यातला शिरस्ता. पण त्या वेळी हैबतराव टाक्यावरची भांडणे सोडवायला गेला होता, आणि दरवाजाशी सटवाजी उभा होता. "सरकारांच्या डोईचं वस्त्र, दुसऱ्याचा हात कशाला?" असे म्हणून त्याने तबक उचलले ते थेट किल्लेदारांच्या महाली आणले. धूळ झाडायला म्हणून पागोट्याचा पीळ सोडला, तर आतून बोटाएवढी गुंडाळी पडली.

"वाचा सरकार," सटवाजी म्हणाला. "मला त्यातल्या मुंग्या कळत नाहीत."

जैतोजीरावांनी चिठ्ठी उलगडली. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. "उद्या दोन प्रहरी किल्लेदार गड उतरले, की महादरवाजाचा अडसर काढावा. आमची तीनशे माणसं करवंदीच्या जाळीत असतील. पुढचं बोलणं ठरल्याप्रमाणं." त्यांनी कागद उलटा केला. "नाव नाही रे, सटवा. कुणालाच उद्देशून नाही. म्हणजे गडावर कोणीतरी..."

ते उठले आणि येरझारा सुरू झाल्या. सटवाजी भिंतीला टेकून, पागोट्याचे टोक दातांत धरून विचार करीत होता.

"सरकार, चिठ्ठी होती तशी आत ठेवू, पागोटं होतं तसं बांधू. आणि शिरस्ता मोडला याची माफी मागून मी हे सरनौबतांकडं तपासणीला नेतो."

"हैबतरावांकडे? अरे, ते या गडाचा कणा आहेत!"

"मग चिठ्ठी सापडली म्हणून ते धावत येतील. बघू या."

सटवाजी पागोटे घेऊन गेला. अर्ध्या घटकेत परत आला. हैबतरावाने तपासून ठीक आहे म्हणून सांगितले होते. जैतोजीरावांनी पीळ सोडला. आत काही नव्हते. हैबतरावही धावत आला नाही. उलट निरोप मात्र आला, की किल्लेदारांनी मुलाखतीस अवश्य जावे, गडाची काळजी करू नये.

"धरा त्याला! आत्ताच्या आत्ता!" जैतोजीराव म्हणाले.

"कोण धरणार, सरकार? दोनशेतली दीडशे माणसं त्याच्या हाताखाली वाढलेली. तुमचा शब्द आणि त्याचा शब्द समोरासमोर आला, तर..." सटवाजीने वाक्य पुरे केले नाही. जैतोजीरावांना ते पुरे ऐकू आले. "त्याला अडसराला हात लावलेला सगळ्या गडानं बघितला पाहिजे. आणि त्यासाठी उद्या किल्लेदारांनी गड उतरला पाहिजे."

"मी?"

"तुम्ही नाही. मी. तुमचे कपडे, बंद मेणा, पडदे सोडलेले. खाली तुम्हांला कोणी जवळून पाहिलेलं नाही."

"आणि त्यांनी तुला कापलं तर?"

"आणभाक झालीय म्हणायचं," सटवाजी म्हणाला, आणि दुसरीकडे पाहिले. "तुम्ही माझ्या कपड्यांत दरवाजाजवळच्या देवडीत बसायचं. चाहुजी नाईक आपला माणूस. त्याला आणि त्याच्या पाच जणांना मी तिथं दबा धरायला सांगतो. हैबतरावानं अडसर ओढला की ते झडप घालतील. तुम्ही फक्त साक्षीला."

दुसऱ्या दिवशी दोन प्रहरी किल्लेदारांचा मेणा भालदार-चोपदारांसह महादरवाजातून बाहेर पडला. पडद्याच्या फटीतून अंगठ्या घातलेला एक हात शिबंदीचे मुजरे स्वीकारीत होता, आणि तो हात खऱ्या किल्लेदारांच्या हातापेक्षा अधिक रुबाबाने हलत होता. दरवाजा बंद झाला. मनगटाएवढी जाड लोखंडी पट्टी मारलेला सागवानी अडसर चार जणांनी रेटून पुन्हा भिंतीच्या खोबणीत बसवला.

देवडीच्या अंधाऱ्या कोनाड्यात जैतोजीराव उकिडवे बसले होते. अंगात सटवाजीची बंडी, डोईला भुवयांखाली ओढलेले मळकट मुंडासे, हातात पाण्याचा तांब्या. चाहुजी नाईक आला नव्हता. त्याचे पाच जणही नव्हते. घटका गेली. बाहेर दोन पहारेकरी बोलताना ऐकू आले: पश्चिमेच्या बुरुजाखाली शत्रूची हालचाल दिसते असे सांगून सरनौबतांनी चाहुजीची तुकडी सकाळीच तिकडे पिटाळली होती. जैतोजीरावांच्या पाठीतून घाम उतरला. उठावे, तर जायचे कुठे? बसावे, तर काय करायचे? त्यांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला, पुन्हा त्या हातातून या हातात.

इतक्यात हैबतराव आला. पहारेकऱ्यांना जेवायला पाठवून त्याने आपली दोन माणसे पुढे घेतली. तिघांनी अडसराला हात घातला, तो हलेना. हैबतरावाने इकडेतिकडे पाहिले आणि कोनाड्यातली आकृती त्याच्या नजरेस पडली.

"कोण रे तू?"

जैतोजीरावांच्या तोंडून शब्द आले ते त्यांचे त्यांनाच अनोळखी वाटले. "मी... सटवाजीचा मेहुणा."

"तांब्या ठेव आणि हात लाव इकडं!"

आपलाच गड शत्रूच्या स्वाधीन करण्यासाठी आपल्याच सरनौबताने किल्लेदाराला हाताखाली घ्यावे, असा प्रसंग फार थोड्या किल्लेदारांवर आला असेल. जैतोजीरावांनी तांब्या बंडीत खोचला आणि अडसराचे टोक धरले. चौघांनी जोर केला. अडसर करकरत खोबणीतून सुटला, भार चौघांच्या हातांवर आला, आणि जैतोजीरावांचे घामेजलेले हात निसटले. निसटले की त्यांनी सोडले, हे त्यांना स्वतःलाही पुढे कधी नक्की सांगता आले नाही. तो ओंडका एका अंगाने कलला, हैबतरावाच्या पावलावर आदळला आणि दुसरे टोक दाराच्या फळीत व उंबऱ्याच्या दगडात पाचरीसारखे रुतून बसले.

हैबतरावाची किंकाळी दरवाजाच्या कमानीत घुमली. "धरा त्या गाढवाला!"

जैतोजीराव धावले. वाट एकच मोकळी होती: दरवाजाच्या माथ्यावरच्या नगारखान्याकडे जाणारा जिना. चौदा पायऱ्या, हातभर रुंद, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला कठडा नाही, फक्त दरी. चौथ्या पायरीवर त्यांची नजर खाली गेली आणि जग फिरले. मागून एकजण तलवार उपसून येत होता. जैतोजीरावांनी डोळे गच्च मिटले, चारी हातापायांवर पडले आणि घोरपडीसारखे भिंतीला पोट घासत चढू लागले. पायऱ्या मोजत होते, मोजणी चुकली, पंधरावी पायरी म्हणून हात टाकला तो नगाऱ्याच्या चामड्यावर पडला. टिपऱ्या कुठे ठेवतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी बंडीतला तांब्या काढला आणि दोन्ही हातांनी नगारा बडवायला सुरुवात केली.

ताल नव्हता, पण आवाज होता. तो असा काही होता की अवघा गड भाकरी टाकून तटावर आला. आणि तटावर आलेल्या दोनशे माणसांनी खाली पाहिले, तर करवंदीच्या जाळीतून तीनशे माणसे नंग्या तलवारींनिशी दरवाजाकडे चढत होती, आणि दरवाजाच्या आत अडसर निघालेला, त्याखाली सरनौबत. सांगण्यासारखे काही उरलेच नाही. जिन्यावरचा तलवारवाला आपसूक खाली उतरून पळाला. चाहुजी नाईक पश्चिमेच्या बुरुजावरून धापा टाकीत आला, त्याने तटावरच्या धोंडी ढकलायला लावल्या. गोफणी सुटल्या, जंबुऱ्यांच्या लहान तोफा उडाल्या. दरवाजा बाहेरून तीनदा रेटला गेला, पण रुतलेला अडसर हलला नाही. दोन घटकांत जाळीतले लोक जखमी उचलून उतरणीला लागले.

मग सर्वांनी वर पाहिले. नगारखान्यात नगाऱ्याला मिठी मारून, डोळे मिटून किल्लेदार बसले होते.

"चाहुजी," वरून आवाज आला, "आम्हांला खाली उतरवा."

खाली उतरताच त्यांनी पहिला प्रश्न केला तो सटवाजीचा. उत्तर वरखड्यांच्याच जासुदाने आणले: 'किल्लेदार आमचे कैदेत आहेत. दिवस मावळण्याआधी गड खाली करावा, न पेक्षा शीर पाठवू.'

सदरेवर मसलत बसली. चाहुजी नाईक संकोचून म्हणाला, "सरकार, सटवाजी भला माणूस होता." त्याने 'होता' म्हटले, आणि जैतोजीराव येरझारा घालता घालता थांबले.

"हैबतरावांना डोलीत घाला. त्यांच्या बदली सटवा परत आणतो."

"फितुराला सोडायचं? सरकार, तो कडेलोटाचा धनी! आणि एका खिजमतगारासाठी?"

"कडेलोटानं गडाला काय मिळणार आहे, नाईक? एक आरोळी. त्यापेक्षा मला माझा माणूस हवा." त्यांनी डोईचे मुंडासे घट्ट बांधले. "मी स्वतः जातो."

त्यांनी चाहुजीला बाजूला घेऊन काही सांगितले, गडाच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्या आणि पायी निघाले. उतरताना कड्याच्या बाजूला पाहायचे नाही म्हणून मान भिंतीकडे वळवलेली, एक हात खडकावर. हैबतरावाची डोली अर्ध्या वाटेवरच्या वळणावर, कड्यालगत थांबली. तिथून पुढे जैतोजीराव एकटेच गेले.

भैरोबाच्या राउळात सटवाजी लोडाला टेकून बसला होता. समोर पानाचे तबक. सुभानजी वरखडे, पिकल्या कल्ल्यांचा, थंड डोळ्यांचा सरदार, त्याच्याशी अदबीने बोलत होता. बंडीतला माणूस आत येऊन म्हणाला, "घोणसगडचा किल्लेदार मी. हा माझा खिजमतगार आहे," तेव्हा वरखडे मोठ्याने हसला.

"पाहिलंत किल्लेदार? तुमच्यासाठी चाकर जीव द्यायला आला."

सटवाजीच्या चेहऱ्यावरचा रंग पालटला. पण आवाज तसाच भारदस्त राहिला. "आमचा नोकर आहे. उन्हानं डोकं फिरलंय. हाकलून द्या त्याला, सरदार." आणि जैतोजीरावांकडे पाहून दरडावले, "चल नीघ! कुणी सांगितलं होतं तुला इथं यायला?"

त्या दरडावण्यात हुकूम नव्हता, विनवणी होती. ती जैतोजीरावांना कळली. एवढी वर्षे हा माणूस आपल्यासाठी खोटे बोलत आला आणि आज त्या खोट्यावर मानही ठेवून बसला आहे, हे त्यांनी पाहिले. ते वरखड्यांच्या समोर, न सांगता, बैठकीवर बसले.

"सरदार, आम्हां दोघांत किल्लेदार कोण, हे ठरवून तुमच्या पदरात काही पडणार नाही. किल्ल्या चाहुजी नाईकांकडे आहेत. आम्ही खालून काहीही ओरडलो, तरी दरवाजा उघडायचा नाही, असा त्यांना हुकूम आहे. हवं तर दोघांनाही ठेवा."

वरखड्यांचे हसू ओसरले. "मग आलास कशाला?"

"हैबतराव त्या वळणावर डोलीत आहेत. दीपमाळेची सावली पायरीला लागेपर्यंत आम्ही दोघं परत गेलो नाही, तर डोली कड्यावरून जाईल. तुमच्या छावणीतून ते स्पष्ट दिसेल. या मुलखात अजून पाच गड तुम्हांला घ्यायचेत, सरदार. तिथंही कोणीतरी तुमच्यासाठी अडसर काढायला तयार असेल. तुमचं काम करणाऱ्याचं तुम्ही काय होऊ देता, ते त्यांना आज कळेल."

वरखडे दीपमाळेकडे पाहत होता. सावली पायरीपासून वीतभर दूर होती. जैतोजीराव बैठकीवर एकसारखी मांडी बदलीत होते.

"भोई बोलवा," वरखडे अखेर म्हणाला. "त्या तावऱ्याला खाली आणा आणि या दोघांना, मेण्याच्या माणसांसकट, जाऊ द्या." मग त्याने बंडीतल्या माणसाला नीट न्याहाळले. "किल्लेदार तूच. हा दुसरा इतका वेळ निवांत बसला होता. ज्याच्या डोक्यावर गड असतो, त्याला असं बसता येत नाही."

रिकामा मेणा घेऊन भालदार-चोपदार चढणीवर पुढे गेले, दोघे मागून चालले. मग सटवाजी थांबला. त्याने हातातल्या अंगठ्या काढल्या, पण पुढे केल्या नाहीत. तशाच मुठीत धरून राहिला.

"चाहुजीची माणसं आली नाहीत. मी हैबतरावाला कच्चं मोजलं. राउळात बसून मी पान खात होतो, आणि तुम्ही तिथं एकटे..." त्याचा ओठ हलला. "माझी मसलत चुकली, सरकार."

"चुकली," जैतोजीराव म्हणाले. "आता माझा हात धर. हे वळण मला एकट्यानं चढवत नाही."

वेढा आणखी बारा दिवस चालला. चैत्राच्या पहिल्या आठवड्यात हुजुरातीची कुमक घाटावर दिसली आणि वरखड्यांनी राहुट्या उतरवल्या. हैबतराव त्यांच्याबरोबर गेला. पण त्याच्या हाती त्यांनी पुन्हा कधी पथक दिले नाही, आणि तो उरलेला जन्म लंगडत, कुणाच्या तरी पागेत घोड्यांच्या चंदीवर देखरेख करीत राहिला, असे सांगतात. हुजुरातून जैतोजीरावांना मानाची वस्त्रे आली. सटवाजीला काय हवे, असेही सोबतच्या पत्रात विचारले होते. त्याने रजा मागितली. थोरल्या लेकीला नऊ वर्षांत भेटला नव्हता.

ज्या सकाळी तो निघाला, त्या सकाळी किल्लेदार त्याला पोचवायला महादरवाजापर्यंत आले. एकसारखे या पायावरून त्या पायावर होत होते.

"किती दिवस लागतील?"

"महिना म्हटलाय, सरकार."

"वीस दिवसांत ये."

"येतो." सटवाजीने बोचके खांद्यावर घेतले आणि तो घुटमळला. "मी नसताना काही कमीजास्त झालं, सरकार, तर लोकांना काय सांगाल?"

पहारेकरी ऐकत होते. चाहुजी नाईकही ऐकत होता. जैतोजीरावांनी त्यांच्याकडे पाहिले, मग सटवाजीकडे.

"जे झालं असेल ते," ते म्हणाले. "जा तू. ऊन चढायच्या आत नदी ओलांड."